कमीअधिक होणारी काळी कांच



छायाचित्रणासारख्या निव्वळ डोळ्यांच्या विषयावर नभोवाणीवरून बोलावें लागणें ही एक पंचाईतच आहे. शाळेंत असतों तर खडू घेऊन फळ्याकडे वळलों असतों. येथें फळा नाहीं आणि तुमचे चेहरेहि दिसत नाहींत. तथापि आजच्या विषयांतील मुख्य गोष्ट तुम्हांला घरच्या घरीं, एका काळ्या चष्म्यानें आणि हातांतल्या मोबाइलनें पडताळून पाहतां येईल. तेव्हां तीं दोन साधनें जवळ असलीं तर घेऊन बसावें.

मी शास्त्राचा पदवीधर नाहीं. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली, बीड जिल्ह्यांतल्या खेड्यांतून मुलांना गणित आणि भूगोल शिकविला आणि निवृत्त झाल्यावर कॅमेऱ्याचा नाद लागला. माझें ज्ञान आहे तें चुका करून मिळविलेलें. त्यांतली एक चूक अशी आहे कीं, ती आतां दुरुस्त होण्यासारखी नाहीं. तिच्यामुळेंच या कांचेचा मीं कसून अभ्यास केला आणि तिच्यामुळेंच आज तुमच्यापुढें बोलावयास उभा आहें.

ही कांच म्हणजे भिंगाच्या तोंडावर बसवावयाचें एक गोल कडें. कडें फिरविलें कीं कांच काळी होत जाते, उलट फिरविलें कीं उजळते. बाजारांत तिला 'व्हेरिएबल एन्.डी. फिल्टर' म्हणतात. एन्.डी. म्हणजे रंगाला धक्का न लावतां केवळ उजेड कमी करणारी. व्हेरिएबल म्हणजे कमीअधिक होणारी. आतां कोणी विचारील कीं, छायाचित्रकार जन्मभर उजेडाच्या मागें धांवतो, त्याला उजेड अडविणारी कांच कशाला हवी? प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर फार जुनें आहे.

१८३८ सालीं पॅरिसमध्यें दागेर नांवाच्या गृहस्थानें आपल्या खिडकींतून एका रहदारीच्या रस्त्याचें चित्र घेतलें. रस्ता गाड्याघोड्यांनीं आणि माणसांनीं भरलेला होता. पण चित्रांत तो ओसाड दिसतो. कारण त्या काळचा पत्रा उजेडास इतका मंद होता कीं, चित्र उमटावयास कित्येक मिनिटें लागत, आणि तेवढ्या अवधींत जें हललें तें उमटलेंच नाहीं. एक माणूस तेवढा राहिला आहे. तो जोडे पुसून घेण्यासाठीं एका जागीं उभा होता. पुढें मुंबईस १८५४ मध्यें छायाचित्रकारांची संस्था निघाली तेव्हांहि मंडळींची धडपड वेळ कमी कसा करावा हीच होती. आज गंगा उलटी वाहत आहे. आजचा कॅमेरा इतका चपळ आहे कीं, भर दुपारीं तो निमिषाच्या शतांशांतच चित्र उरकून टाकतो. आणि आम्हांला मात्र कधीं कधीं दागेरचा तो सावकाशपणा हवा असतो. वाहतें पाणी रेशमासारखें दिसावें, गर्दी नदीसारखी दिसावी आणि तिच्यांत स्थिर असलेलें तेवढें रेखीव उमटावें, असें वाटतें. त्यासाठीं शटर अधिक वेळ उघडें ठेवावें लागतें, आणि तेवढ्या वेळांत उन्हानें चित्र पांढरें फटक पडूं नये म्हणून काळी कांच लावावी लागते.

माझी हकीकत अशाच गर्दीची आहे.

नारायणगड हें बीड जिल्ह्यांतील वारकऱ्यांचें मोठें क्षेत्र. नगद नारायण महाराजांचें तें ठाणें. आमच्याकडे त्याला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला ज्यांना पंढरपूर घडत नाहीं तीं माणसें गडावर येतात. २०२० आणि २०२१ हीं दोन वर्षें महामारीच्या निर्बंधांत गेलीं. २०२२ च्या १० जुलैला आषाढी आली तेव्हां माझ्या थोरल्या बहिणीनें, आम्ही तिला आक्का म्हणत असूं, गडावर जाण्याचा हट्टच धरला. तिचे गुडघे थकले होते. "पुढच्या साली कुणी पाहिलंय रे," ती म्हणाली. आम्ही गेलों. माझ्या मनांत एक चित्र होतें: वाटेच्या कडेला आक्का हातांत टाळ घेऊन निश्चल उभी आहे, आणि तिच्या बाजूनें वारकऱ्यांचा लोंढा पांढऱ्याभगव्या प्रवाहासारखा वाहत चालला आहे. शटर एक सेकंद उघडें ठेवावयाचें. आक्कानें तेवढा वेळ हलावयाचें नाहीं.

आतां थोडें गणित करूं. छायाचित्रकार उजेड निमपटीनें मोजतो. उजेड एकदां निम्मा झाला कीं त्याला तो 'एक स्टॉप' म्हणतो. जुन्या माणसांना हें समजावयास सोपें आहे. रुपयाचे आठ आणे झाले, हा एक स्टॉप. आठाचे चार, दुसरा. चाराचे दोन, तिसरा. दोनाचा एक आणा, चवथा. पुढें पैशाच्या हिशेबांत उतरावें लागतें. सहा स्टॉपला चौसष्टावा हिस्सा उरतो आणि दहा स्टॉपला हजाराच्या वर भाग होऊन त्यांतला एक. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट लहानपणीं ऐकली असेल. ही तीच गोष्ट, फक्त उलट्या बाजूनें. दुकानदार मात्र या एकाच गोष्टीला तीन नांवें ठेवतात. तीन स्टॉपच्या कांचेवर कोणी '८' लिहितो, कारण ती आठवा हिस्सा उजेड सोडते, कोणी '०.९' लिहितो, कारण तो घनतेचा आंकडा आहे आणि दर स्टॉपला तो ०.३ नें वाढतो. गिऱ्हाइकानें गोंधळूं नये. आंकडा कोणताहि असो, 'स्टॉप किती' एवढेंच विचारावें.

त्या दिवशीं आभाळ भरलेलें होतें. संवेदनशीलतेचा आंकडा १०० ठेवला असतां अशा ढगाळ उजेडांत एफ्-११ या छिद्राला सुमारें सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. मला पुरा एक सेकंद हवा होता; म्हणजे उजेडाचा पन्नासावा हिस्सा आंत घ्यावयाचा, सुमारें साडेपांच स्टॉप अडवावयाचे. माझ्या कड्यावर 'आठ स्टॉपपर्यंत' असें छापलेलें होतें. मीं कडें फिरवून जुळविलें आणि आक्काला उभें केलें. तेवढ्यांत ढग फांकले आणि लखलखीत ऊन पडलें. उन्हांत त्याच छिद्राला सेकंदाचा दोनशेंवा भाग पुरतो. मीं कडें आणखी फिरविलें, पार शेवटच्या खुणेजवळ नेलें, आणि सात चित्रें घेतलीं. आक्का सातहि वेळां दगडासारखी उभी राहिली. उन्हामुळें कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा नीट दिसत नव्हता. पण आंकडे बरोबर होते, म्हणून मी निश्चिंत होतों.

घरीं येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलें. सातहि चित्रांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक काळसर पट्टा तिरपा गेलेला, दुसऱ्या तिरप्या दिशेनें विचित्र उजळपणा, जणुं कोणी चित्रावर भली मोठी फुली मारली होती. आक्का चित्राच्या डाव्या कोपऱ्याकडे उभी होती. काळा पट्टा बरोबर तिच्या चेहऱ्यावरून गेला होता.

ही फुली कोठून आली, हें समजण्यासाठीं कांच उघडून पाहावी लागते. अर्थात् खरोखर उघडूं नये. दिसावयास ती एक कांच असली तरी त्या दोन आहेत, एकीपुढें एक, आणि त्यांपैकीं कोणतीहि पुरती काळी नाहीं. दोन्ही 'पोलरायझर' आहेत. मराठींत ध्रुवीकरण करणाऱ्या कांचा म्हणतां येईल. प्रकाश ही एक लहर आहे आणि साध्या प्रकाशांत ती सर्व दिशांनीं आडवीतिडवी हेलकावत असते. खिडकीच्या उभ्या गजांतून दोरी ओवून हलविली तर वरखालीं होणारी लाट पलीकडे जाते, डावीउजवीकडे होणारी गजांना अडते. तसेंच ही कांच एका दिशेचा हेलकावा जाऊं देते आणि दुसरा गिळते. म्हणून पहिल्याच कांचेंत उजेड निम्म्याहून खालीं येतो. दुसरी कांच त्याच दिशेनें लावली तर उरलेला उजेड बहुतेक सगळा जातो. ती काटकोनांत फिरविली तर जवळजवळ कांहींच जात नाहीं. मधल्या कोनांत थोडा थोडा जातो. आतां तो काळा चष्मा घ्या. तो 'पोलराइज्ड' जातीचा असेल तर त्यांतून मोबाइलच्या पडद्याकडे पाहा आणि मोबाइल हळूहळू फिरवा. बहुतेक मोबाइलांच्या बाबतींत पडदा एका ठिकाणीं काळवंडेल, कारण त्या पडद्यावरहि असाच पापुद्रा चढविलेला असतो. ही पाहा तुमची कमीअधिक होणारी कांच! दुकानांत जाण्याचें कारण नाहीं.

या शोधाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. नेपोलियनबरोबर मिसरच्या स्वारीवर गेलेला मालुस नांवाचा एक लष्करी इंजिनियर १८०८ सालीं पॅरिसमध्यें आपल्या घरांतून समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे एका स्फटिकांतून पाहत होता. मावळत्या सूर्याचें प्रतिबिंब त्या कांचांवर पडलें होतें, आणि स्फटिक फिरवितांच तें कमीजास्त होऊं लागलें. त्यावरून त्यानें पुढच्याच वर्षीं नियम बसविला. पण मोठे स्फटिक महाग आणि दुर्मिळ. १८५२ मध्यें ब्रिस्टलच्या हेरापथ नांवाच्या डॉक्टरच्या विद्यार्थ्यानें क्विनीन पाजलेल्या कुत्र्याच्या मूत्रांत आयोडीन टाकलें, तों हिरवे बारीक स्फटिक तयार झाले, आणि ते एकमेकांवर आडवे पडले कीं काळे दिसत. तापाच्या औषधांतून छायाचित्रकाराची कांच निघावी हा योगायोगच! त्या बारीक स्फटिकांना एका दिशेनें लावून पापुद्रा करण्याची युक्ति अमेरिकेंतील एड्विन लँड यानें विद्यार्थिदशेंतच साधली आणि १९२९ सालीं पेटंटसाठीं अर्ज केला. पुढें त्यानें स्फटिकहि सोडून दिले आणि ताणलेल्या प्लास्टिकला आयोडीन पाजून तेंच काम करून घेतलें. आजच्या बहुतेक कांचांत या दुसऱ्या जातीचा पापुद्रा असतो.

आतां मालुसच्या नियमाकडे वळूं, कारण माझी फुली त्यांतच आहे. त्रिकोणमितीचें नांव काढतांच श्रोते रेडिओ बंद करतात असा माझा समज आहे, म्हणून नुसते आंकडे सांगतों. दोन्ही कांचा एका दिशेला असतांना जो उजेड पलीकडे जातो त्याला रुपया म्हणूं. तो आठ आणे व्हावयास कडें ४५ अंश फिरवावें लागतें. चार आणे व्हावयास पुढें १५ अंश पुरतात. दोन आणे व्हावयास सुमारें ९. एक आणा व्हावयास ६. आणि चौसष्टाव्या हिश्शावरून एकशेंअठ्ठाविसाव्या हिश्शावर जावयास? जेमतेम दोन अंश. ७७ मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर पहिला स्टॉप तीन सेंटिमीटर लांबीचा आहे आणि हा सातवा दीड मिलिमीटरचा! म्हणजे कडें सुरुवातीला गरीब गाईसारखें वागतें आणि शेवटीं शेवटीं बोटाचा धक्का लागला तरी उधळतें.

एवढ्यानें फक्त उजेडाचा अंदाज चुकला असता. फुली उमटली नसती. तिला आणखी एक कारण आहे. मीं त्या दिवशीं रुंद भिंग लावलें होतें, गर्दी मावावी म्हणून. रुंद भिंगांत कडेचे किरण कांचेवर सरळ पडत नाहींत, तिरपे पडतात. घरांतल्या शहाबादी फरशीकडे पाहा. फरशीच्या एका बाजूसमोर ताठ उभें राहिलें तर तिचा कोपरा काटकोनच वाटतो. पण कोपऱ्याच्या रेषेंत उभें राहून तिरपें पाहिलें तर तीच चौकोनी फरशी शंकरपाळ्यासारखी दिसते. समोरचे कोपरे रुंदावतात, बाजूचे अरुंद होतात. दोन कांचांच्या दिशांमधल्या कोनाचें तसेंच होतें. मधून येणाऱ्या किरणाला तो कोन ८५ अंशांचा असेल, तर कोपऱ्यांतून येणाऱ्या किरणाला एका कर्णावर तो ९० अंशांचा भासतो आणि दुसऱ्या कर्णावर ८० अंशांचा. पहिल्या कर्णावर काळोख, दुसऱ्यावर उजेड. हीच ती फुली.

मग ती उजळ टोकाला कां दिसत नाहीं? पुन्हां आण्यांचा हिशेब. कोन ४५ अंशांचा असतांना ५ अंशांची गफलत झाली तर रुपयामागें पावणेतीन आण्यांचा फरक पडतो. डोळ्याला तो फारसा जाणवत नाहीं, आणि नंतर सुधारतां येतो. कोन ८५ अंशांचा असतांना तेवढीच गफलत झाली तर एका रुपयाचे चार रुपये होतात, आणि उलट बाजूला रुपयाचें दिवाळें निघतें. तिरपेपणाचा दोष कांचेंत पहिल्यापासून आहेच. काळोख्या टोकाला तो अनेक पटींनीं उघडा पडतो.

कोणी म्हणेल, संगणकावर तो पट्टा उजळतां आला नसता काय? तोहि प्रयत्न केला. माझा नातू त्या कामांत हुशार आहे. त्यानें दोन रात्री घालविल्या. जेथें उजेडच पोंचला नाहीं तेथून काय काढणार? आक्काचा चेहरा उजळला खरा, पण त्यावर वाळूसारखे कण दिसूं लागले आणि कातडीला जांभळट रंग आला. हा जांभळटपणा या कांचांचा तिसरा गुण. काटकोनाजवळ पोंचल्यावर सर्व रंग सारखे अडत नाहींत, जांभळ्या-निळ्या टोकाचा आणि डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा उजेड अधिक झिरपतो. म्हणून मी येथें मास्तर या नात्यानें बजावून ठेवतों: ग्रहणाच्या दिवशीं अशी कांच डोळ्याला लावून सूर्याकडे कोणीहि पाहूं नये, मुलांना तर मुळींच पाहूं देऊं नये. ती काळी दिसते, पण तांबड्यापलीकडचा जो उजेड डोळा जाळतो तो तींतून आंत येतो.

आक्का पुढच्या माघांत गेली. ती आषाढी तिची शेवटचीच ठरली.

बरेच दिवस मी कांच विकणाऱ्याला बोल लावीत होतों. 'आठ स्टॉपपर्यंत' असें छापावें आणि सहाच्या पुढें फुली मारावी, ही फसवणूक नाहीं काय? अजूनहि मला वाटतें कीं, रुंद भिंगाला कोठवर चालेल तें डबीवर छापलें पाहिजे. कांहीं कारागीर आतां कड्याला दोन टोकांस अडसर ठेवतात, त्या पलीकडे तें फिरतच नाहीं. दोन ते पांच स्टॉप, किंवा सहा ते नऊ, असे वेगळे वेगळे नग विकतात. हे अधिक प्रामाणिक. पण सहा ते नऊ म्हटल्यानें निसर्गाचा नियम बदलत नाहीं. अशा नगांत अगोदरच एक कायमची काळी कांच मिसळलेली असते, म्हणून काटकोनाच्या फार जवळ न जातां काळोख मिळतो. एवढाच त्यांतला डाव. आणि मुख्य गोष्ट ही कीं, चूक माझी होती. घरच्या पांढऱ्या भिंतीसमोर एकदां कडें फिरवून पाहिलें असतें तर फुली आदल्याच दिवशीं दिसली असती. विद्यार्थ्यांना आम्ही जन्मभर सांगत आलों, प्रयोगाच्या आधीं उपकरण तपासा!

मग ही कांच टाकूनच द्यावी काय? नाहीं. तिचें खरें घर हलत्या चित्रांत आहे. माझा नातू कीर्तनांचें आणि लग्नांचें चित्रीकरण करतो. आपल्याकडे सेकंदास पंचवीस चित्रें घेण्याची रूढि आहे, आणि हालचाल डोळ्याला सहज वाटावी म्हणून प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग द्यावा लागतो. तो बदलला तर चालणारा माणूस तुटक तुटक, कळसूत्री बाहुलीसारखा दिसतो. आतां कीर्तनकार सावलीच्या मंडपांतून बोलत बोलत अंगणाच्या उन्हांत आले तर काय करावें? शटर बदलतां येत नाहीं. छिद्र बारीक केलें तर मागची अस्पष्ट गर्दी एकदम ठळक होते. अशा वेळीं डाव्या हातानें कडें हलकेंच फिरवावें. उजेड जागच्या जागीं आवरला जातो आणि पाहणाऱ्याला कळतहि नाहीं. एफ्-२.८ या मोठ्या छिद्रानें भर उन्हांत असें चित्रीकरण करावयाचें तर सुमारें सहा स्टॉप लागतात. मंडपांत दोनहि पुरतात. हा पल्ला कमीअधिक होणाऱ्या कांचेनेंच गांठावा. शिवाय असें काम बहुधा लांब भिंगानें होतें आणि तेथें किरण तिरपे पडत नाहींत, त्यामुळें फुलीचें भय कमी. कांहीं चित्रपट-कॅमेऱ्यांत तर आतां विजेनें काळी होणारी कांच आंतच बसविलेली असते. पण त्यांची किंमत ऐकून आम्ही गप्प बसतों.

स्थिर चित्रांत मात्र मी एकसारख्या काळेपणाच्या, साध्या, न फिरणाऱ्या कांचा वापरूं लागलों आहें. एक तीन स्टॉपची, एक सहाची. दोन्ही एकावर एक चढविल्या कीं नऊ. त्यांत फिरविण्याची सोय नाहीं, ढग आला कीं कांच उतरून दुसरी लावावी लागते, आणि दाट कांचेंतून आपल्यालाच नीट दिसत नसल्यामुळें चित्र आधीं रेखीव करून मग ती चढवावी लागते. कटकट आहे. पण फुली नाहीं.

पाण्याच्या बाबतींत हा भेद मला आणखी स्पष्ट दिसला. पावसाळ्यांत कपिलधारचा धबधबा भरून वाहतो; तेथें झाडीची सांवली असते, अर्धा सेकंद शटर उघडें ठेवावयास तीन-चार स्टॉप पुरतात, आणि फिरतें कडें तेथें झकास काम देतें. बीड शहरांतल्या कंकालेश्वरापाशीं मात्र त्यानें मला चकविलें. तें मंदिर पाण्याच्या कुंडांत उभें आहे. त्याचें पाण्यांतलें प्रतिबिंब हाच अर्धा देखावा. पाण्यावरून तिरपा परतणारा उजेड एका दिशेनें हेलकावत असतो. मालुसनें खिडकीच्या कांचांवर पाहिलें तेंच हें. त्यामुळें काळोख जुळविण्यासाठीं पुढची कांच फिरविली कीं प्रतिबिंब विझूं लागतें. प्रतिबिंब परत आणावें तर काळोख बिघडतो. एकाच कड्याला दोन कामें बांधलेलीं, आणि आपल्याला हवें तें एक निवडतां येत नाहीं! सूर्य बाजूला असतांना निळ्या आकाशाचेंहि असेंच होतें. रुंद चित्रांत आभाळाचा एक भाग गडद आणि दुसरा फिका येतो. साध्या काळ्या कांचेला ही खोड नाहीं.

ज्यांच्याकडे ही फिरती कांच आहे त्यांनीं एक सोपी परीक्षा करावी. सकाळच्या सारख्या उजेडांत एखाद्या पांढऱ्या भिंतीसमोर आपलें सर्वांत रुंद भिंग लावून उभें राहावें. कडें थोडें थोडें फिरवून दर वेळीं चित्र घ्यावें, आणि तीं चित्रें मोठ्या पडद्यावर ओळीनें पाहावींत. कोठें तरी कोपरे काळवंडूं लागतील. त्याच्या अलीकडच्या जागेला कड्यावर खूण करावी. भिंग बदललें कीं खूण बदलते. लांब भिंगाला ती बरीच पुढें सरकते. माझ्या २४ मिलिमीटरच्या भिंगाला ती पांच स्टॉपच्या आसपास आली. आठ छापलेल्या कड्यावर पांच! म्हणजे त्या आषाढीला ढगांतहि मी खुणेच्या पलीकडेच होतों.

आक्काचें त्या दिवशींचें एकच धड चित्र आमच्याकडे आहे. तें नातवानें मागून मोबाइलवर काढलें. त्यांत गर्दी वाहत नाहीं, जो तो जेथल्या तेथें थबकला आहे. आक्का माझ्या कॅमेऱ्याकडे पाहत नसून माझ्याकडे पाहत आहे, आणि मी मान खालीं घालून कडें फिरवीत आहें. तें आम्ही चौकट करून भिंतीवर लावलें आहे.

यंदां आषाढीला गडावर जातांना मी सहा स्टॉपची साधी कांच नेणार आहें. ऊन पडलें तर छिद्र एफ्-१६ पर्यंत बारीक करीन आणि एका सेकंदाऐवजीं दोनतृतीयांश सेकंदावर समाधान मानीन. फिरती कांच नातवाच्या पेटींत असते. तिच्या कड्यावर सुनबाईच्या नखरंगाचा एक लाल ठिपका दिला आहे. त्यापुढें कडें न्यावयाचें नाहीं असें त्याला सांगून ठेवलें आहे.